भिंतीमागची माती

बसा मास्तर, एक गोष्ट सांगतो. हसू आलं तर हसा, पण मधेच उठू नका. तुमच्याकडे काम आहे.

मी विद्यापीठाच्या काचघरातला माळी. तिथे एक पोरगी संशोधन करते, मला काका म्हणते. तिनं मुळांतला एक जंतू शोधलाय. तो असला की वाटाण्याचं रोप कमी पाण्यातही तग धरतं म्हणे. ते पटवायला साठ कुंड्या मांडल्या. माती भट्टीत भाजलेली, त्यात जंतू औषधालाही नाही. तीस कुंड्यांत तिचा जंतू सोडला, तीस तशाच उपाशी.

आता सांगा, जन्मभर झाडं जगवलेला माणूस तीस रोपं माना टाकताना बघत बसेल? पाणी वाढवायचं नाही, अशी तंबी होती. मातीचं कोणी बोललं नव्हतं. काचघराच्या भिंतीमागची काळीभोर माती आणली, घातली एकेका कुंडीत मूठभर. आठवड्यात अशी तरारली, काय सांगू.

पोरगी बघून मटकन खालीच बसली. उपाशी रोपं तिच्या रोपांहून जोमात, म्हणजे तिचा जंतू कुचकामी. तीन वर्षं पाण्यात. तिला शिकवणारे मोठे सर म्हणाले, विषय सोड. मी गप्प. नोकरी जाईल म्हणून घाबरलो, खोटं कशाला बोलू.

पण पोरगी चिवट. तिनं त्या उपाशी रोपांच्या मुळांतल्या जंतूंचे जीन्स मशीनवर वाचून घेतले. कोण कुठला, कोणाच्या खानदानातला, सगळा पत्ता लागतो त्यात. सरांनी कागद बघितला नि चक्रावले. म्हणाले, असले जंतू मुतारीत सापडतात, कुंडीत आले कसे? पोरीवरच उखडले, कामात स्वच्छता नाही म्हणून.

मग मला राहवेना. सगळं ओकून टाकलं.

सर म्हणाले, "अहो, त्या भिंतीमागे काय चालतं माहीत आहे ना?"

"आहे की सर. संडास लांब पडतो म्हणून आपण दोघंही तिथेच जातो."

पोरगी रडता रडता फिसकन हसली. सर खिडकीबाहेर बघायला लागले.

आता कमिटी म्हणते, पोरीला नव्यानं कुंड्या लावायला सहा महिने देऊ, पण चूक कोणाची ते सोमवारपर्यंत लेखी द्या. पोरगी म्हणते, काका, तुमचं नाव नको, मी माझ्या अंगावर घेते. म्हटलं, गप बस. माझं काय, दोन वर्षं राहिलीत नोकरीची. तिचं अजून सगळं व्हायचंय.

सही मला येते मास्तर, पण चार ओळी धड जुळत नाहीत. तेव्हा घ्या कागद. सरांचा विषय काढू नका, त्यांनाही घरदार आहे. माती मी टाकली, पोरीला ठाऊक नव्हतं, एवढंच ठणठणीत लिहून द्या.