करंगळी

पहिल्यांदा

सेल्फ फिरला. इंजिनाने पकडलं नाही.

दुसऱ्यांदा

तसंच.

तिसऱ्यांदा

दोन सेकंद धुगधुगी आली आणि गेली. डॅशबोर्डवर गाडी आणि किल्लीचं चित्र असलेला लाल दिवा लुकलुकत राहिला. माझ्या नवऱ्याने, आनंदराजने, चाव्या काढून खिशात टाकल्या.

"रुसली बया," तो म्हणाला. "थोडं थांबू. थंड होऊ दे."

दुपारचा दीड. मे महिना. जळकोटहून निघून नांदेडला चाललो होतो. कंधार अजून बारा किलोमीटर, नांदेड साठ. पाणी प्यायचं म्हणून त्याने लिंबाखाली गाडी थांबवली. बाटली मागच्या सीटवर होती, चालत्या गाडीतही हात पुरला असता. आम्ही पाणी पीत असताना मागे टाकलेली बस आम्हाला ओलांडून पुढे गेली. पुढची बस साडेतीनला.

माझ्या मांडीवर फाईल. त्यात नेमणुकीचा आदेश. अकरा वर्षं मी जळकोटला कंत्राटी नर्स होते, आता नांदेडला कायम झाले. एकदा मुदत वाढवून घेतली होती. वाढीव मुदत आज पावणेसहापर्यंत. त्यानंतर "नियुक्ती आपोआप रद्द समजण्यात येईल." हे वाक्य मला पाठ आहे.

काचा अर्ध्यावर अडकलेल्या. चावी त्याच्या खिशात, त्यामुळे खाली होत नाहीत.

चावीबद्दल

चाव्या दोन आहेत आणि दोन्ही एकत्र बांधलेल्या आहेत. गाडी आली त्या दिवशी सासूबाईंनी, नागुबाईंनी, घरी परित्राण पाठ ठेवला होता. भन्तेजींनी पाठाचा पांढरा दोरा सगळ्यांच्या मनगटाला बांधला. उरलेला दोरा सासूबाईंनी दोन्ही चाव्यांना गुंडाळला, सात गाठी मारल्या आणि म्हणाल्या, "एक लेकाची, एक सुनंची. दोघं मिळून फिरा."

गाडी शिक म्हणून माझ्या मागे लागल्या त्याही त्याच. मागच्या वर्षी गेल्या. दोरा मळून तपकिरी झाला, पण सोडायचं कुणी मनात आणलं नाही. गॅरेजवाल्या गुरुलिंगने एकदा बंपरला लिंबू-मिरची लावायला काढली, तर आनंदराज त्याच्यावर खेकसला होता, "आमच्यात असलं चालत न्हाई. वायर बघ, वायर."

चौथ्यांदा, दोन वाजता

या वेळी मी बसले स्टिअरिंगवर. चावी लावली. दुसरी चावी दोऱ्याला लोंबकळत कुलपाशेजारी टकटक करत होती. सेल्फ फिरला. नाही.

"तुझ्या हातालाच गुण न्हाई," तो हसत म्हणाला.

"तुमच्या हाताला आहे ना, मग तुम्ही लावा."

तो बसला नाही. खाली उतरून रस्त्याकडे बघत राहिला. एक ट्रॅक्टर गेला, उलट्या दिशेने. एक मोटारसायकल गेली, तिघंजण बसलेले.

"कुणाला तरी विचारा. कंधारपर्यंत सोडतील मला."

"अनोळखी माणसाच्या गाडीवर कशाला? होईल की सुरू. उगं घाई करायलीस तू."

"तीन वाजता कळेल घाई कशाला म्हणतात ते."

"मने, न्हाई जमलं तर न्हाई जमलं. कंत्राटी का असंना, हाय की नोकरी."

गाडी अडलेले दिवस, आठवतात तेवढे

आमच्या मुलीला, धम्मप्रियाला, अकरावीसाठी लातूरच्या होस्टेलवर सोडायचं होतं, जूनमध्ये. दोन तास.

जानेवारीत माझी परीक्षा, लातूरलाच. जीपने गेले. फाटक लावता लावता आत शिरले.

मार्चमध्ये कागदपत्रांची तपासणी. शेजारच्या बापूसाहेबांनी त्यांच्या गाडीने सोडलं.

आज.

न अडलेले दिवस: गुरुलिंगच्या गॅरेजवर नेलेले सगळे. आनंदराजच्या कॉलेजचे सगळे.

कॉलेजला निघताना तो गाडी सुरू करतो ते मी खिडकीतून बघते. चावी लावतो आणि दुसरी चावी तळहातात घेऊन करंगळीने दाबून धरतो. मला वाटायचं, आईची आठवण म्हणून धरतो. मला ते आवडायचं.

फोन

"तुमचा फोन द्या, गुरुलिंगला विचारू."

"रेंज न्हाई."

माझ्या फोनला दोन काड्या होत्या. गुरुलिंगच्या गॅरेजचं स्टिकर काचेच्या कोपऱ्यात आहे, त्यावरून नंबर लावला.

"बोला मॅडम."

"गाडी परत अडली हो. सेल्फ फिरतोय, लाल दिवा लुकलुकतोय."

"चाव्या तशाच बांधल्यात काय अजून?"

"म्हणजे?"

"आता काय सांगावं! दिवाळीलाच सांगितलं की सरांना. दोन्ही चाव्यांत चिप हाय. दोन्ही कुलपाजवळ आल्या की गाडी घोटाळती, ह्यातली खरी कोणती म्हणून. दुसरी लांब धरली की झटक्यात सुरू. सर म्हणले, आईचा दोरा हाय, सोडणार न्हाई, धरतो हातात. धरत न्हाईत काय?"

"धरतात," मी म्हणाले. "कधी कधी धरतात."

दिवाळी. म्हणजे जून खरा होता. जानेवारी, मार्च आणि आज नाही.

काच अर्धी

तो बाहेर उभा होता. खिडकीच्या वरच्या उघड्या अर्ध्यात त्याचा चेहरा स्पष्ट, खालच्या अर्ध्यात काचेमागे शर्टाची बटणं धुरकट.

"काय म्हणला गुरुलिंग?"

"दिवाळीत जे म्हणाला तेच."

त्याने लिंबाची एक काडी तोडली, तिचे तुकडे करत राहिला.

"जानेवारीत फाटक बंद झालं असतं तर?" मी विचारलं.

"झालं न्हाई ना."

"झालं असतं तर?"

"धम्मी लातूरला," तो काडीकडे बघत म्हणाला. "आई गेली. तू नांदेडला. मी एकल्यानं त्या घरात काय करावं, सांग. भाकरी थापू का भिंतीशी बोलू?"

"हे मला बोलला असतात."

"बोलून तू थांबली असतीस?"

"नाही," मी म्हणाले. लगेच म्हणाले, तेच त्याला लागलं असावं.

"तीन वाजले," मी म्हणाले.

पाचव्यांदा

गाठी बोटांनी सुटेनात. सातही. घामाने, तेलाने दोरा दगड झाला होता. फाईलला लावलेली टाचणी काढून कोरलं, शेवटी दातांनी तोडला. तोंडात मिठाची चव आली. दोऱ्याचे तुकडे मी फेकले नाहीत, फाईलमध्ये आदेशाच्या मागे ठेवले.

एक चावी त्याला काचेवरून दिली.

"मागे बसा. पुढे नको, माझ्याशेजारी नको."

तो मागे बसला, चावी मुठीत धरून. मी माझी लावली. सेल्फ फिरला आणि इंजिनाने पकडलं. बंद केली. पुन्हा लावली. पकडलं. बंद. पुन्हा. पकडलं.

"बॅटरी उतरंल," तो मागून म्हणाला.

चार वाजून पन्नास

इंजिन बंद न करता मी कंधार ओलांडलं, नांदेड गाठलं. आरशात तो सगळा वेळ होता. रुजू अहवालावर सही केली. कार्यालयातल्या बाईंनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी आठला ड्यूटी. आज राहायची सोय आहे का?"

"वसतिगृहात खाट मिळेल का?"

"मिळेल."

खाली आले. तो स्टिअरिंगवर बसला होता, काचा पूर्ण खाली.

"मी इथेच राहते आज," मी म्हणाले. "तुम्ही जा. उजेड आहे तोवर पोचाल."

त्याने मान हलवली. माझी पिशवी काढून दिली. पाण्याची बाटलीही दिली. मग त्याची चावी लावली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मी ऐकलं. फाटकावरच्या वॉचमननेही ऐकलं असेल.

त्याने चावी उलटी फिरवली. इंजिन गप्प झालं. दोन्ही हात त्याने मांडीवर ठेवले.

"सुरू होत न्हाई, मने," तो म्हणाला.

मी पिशवी खांद्याला लावून तिथेच उभी राहिले.