हुळहुळ्या अंगावर शाल

आमच्या बाबांचा दुसऱ्याच्या दुखण्यावर विश्वास नव्हता. हिंमतराव हे नाव त्यांनी जरा जास्तच मनावर घेतलं होतं. कुणाचं डोकं दुखलं की 'पाणी पी', पाय मुरगळला की 'चाल, सुटेल'. आईचं गर्भाशय काढलं तेव्हा मी कॉलेजात होते. नर्स इंजेक्शन घेऊन आली, तर बाबांनी तिला दारातूनच परत पाठवलं. "नको, सवय लागेल," म्हणाले. आई भिंतीकडे तोंड करून चादरीचं टोक चावत पडून राहिली. भेटायला येणाऱ्यांना बाबा सांगत होते, "आमच्याकडे रडारड नसते."

यंदा बाबांवर वेळ आली. मणक्याचं ऑपरेशन, माझ्या आयटी कंपनीच्या विम्यात, आमच्या हडपसरच्याच एका चकचकीत हॉस्पिटलात. ऑपरेशन उत्तम झालं असं सगळे म्हणत होते, फक्त बाबा म्हणत नव्हते. उशाशी वेदनाशामकाचा पंप लावला होता. डोस वाढवला की ते जास्तच कण्हायचे. जखम पाठीला, पण नर्सने बीपी बघायला दंडाला पट्टा बांधला तरी डोळ्यांत पाणी. चादर जरा सरकली तरी दातओठ आवळायचे.

"काका नाटकं फार करतात," नर्स म्हणाली.

दुपारी भूलतज्ज्ञ आले, डॉक्टर श्रीनिवास. बाबांना तपासून त्यांनी आम्हा दोघींना बाहेर बोलावलं.

"हे नाटक नाही. ऑपरेशन लांबलं, अफूच्या जातीचं औषध भरपूर द्यावं लागलं. काहींच्या नसा त्यानेच उलट हुळहुळ्या होतात. मग ते वाढवावं तसं दुखणंही वाढतं."

"मग आता?" आईने विचारलं.

"ते कमी करायचं आणि दुसरं, गुंगीचं औषध थेंबाथेंबाने सुरू करायचं. त्याने ठोके मंदावू शकतात, म्हणून आयसीयूत हलवावं लागेल. बेड तयार आहे. तुम्ही हो म्हणालात की लगेच."

आईने घड्याळ पाहिलं. "सोसायटीची मंडळी निघाली आहेत. येऊन जाऊ देत?"

"तोवर दुखेल त्यांना."

"सहनशक्ती फार आहे त्यांची. तेच सांगतात सगळ्यांना."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलकडे पाहिलं. "बरं. पण त्यांना कुणी हात लावू नका, अंगावर कापडसुद्धा नको," असं बजावून ते गेले.

बाबा सोसायटीचे अध्यक्ष. शेतं जाऊन इमारती उठल्या तेव्हापासून त्यांनी ती खुर्ची सोडलेली नाही. सत्काराचं तर त्यांना भलतंच वेड. कुणाचा मुलगा अमेरिकेला गेला, शाल-श्रीफळ. लिफ्ट दुरुस्त झाली, लिफ्टवाल्याला शाल-श्रीफळ. त्यामुळे आमचे सेक्रेटरी वैजनाथकाका चार माणसं, नारळ आणि शाल घेऊन आले याचं मला नवल वाटलं नाही. शाल जाड, टोचऱ्या लोकरीची होती. बाबांनीच घाऊक आणून ठेवलेल्या गठ्ठ्यातली.

मी दारात पुढे झाले. एक वाक्य पुरलं असतं. आईने माझं मनगट धरलं. "तू फोटो काढ," म्हणाली. मी मोबाइल वर धरला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

बाबांना शाल दिसली. "राधा," आईकडे बघत एवढंच ते म्हणाले. चार लोकांत 'दुखतंय' म्हणायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं. आईने बटण दाबून पलंगाची उशाकडची बाजू वर केली. वैजनाथकाकांनी शाल खांद्यांवर घातली. बाबांचे ओठ पांढरे पडले आणि डोळ्यांतून धारा लागल्या.

"अध्यक्ष भारावले," काका म्हणाले. त्यांनीही डोळे पुसले. टाळ्या झाल्या.

"अहो, नीट बसली नाही," म्हणत आईने शालीची दोन्ही टोकं बाबांच्या गळ्याशी ओढून घट्ट केली.

मंडळी कॅन्टीनकडे गेली तेव्हा बाबांचा आवाज फुटला. "काढ. राधा, पाया पडतो तुझ्या, काढ हे." असलं वाक्य त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं.

आई खुर्ची ओढून जवळ बसली. "औषध आहे म्हणे यावर. मी फक्त हो म्हणायचं बाकी आहे."

"मग म्हण ना."

"म्हणते. आधी एक सांगा. माझं दुखत होतं का हो तेव्हा?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. ते टाळत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"कधी?" त्यांनी विचारलं.

आई उठली. तिने शालीची खांद्यावरची घडी सारखी केली, हलक्या हाताने.

"पूर्वा, चल. मंडळींना चहाचं बघू."

"आणि डॉक्टरांना?"

"सांगू की," आई म्हणाली. "चहा झाला की."