बॉयलरपाशी ऐकणारा डबा

मी एक डबा बोलतोय. जेवणाचा नव्हे. माझ्या पोटात एक हिरवी पट्टी, थोड्या तारा आणि एक छोटा पंखा आहे. पंखा सोडला तर माझ्यात हलणारं काही नाही.

माझा जन्म म्हैसूरला, नजरबादमध्ये, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर झाला. तिथं सहानाची कंपनी आहे. कंपनी म्हणजे सहाना, तिचा मित्र शशांक आणि दोन टेबलं. कारखान्यातली यंत्रं आता संगणकाच्या हुकमानं चालतात. तो हुकूम बाहेरच्या कुणी चोरून दिला तर? तसं होऊ नये म्हणून ही दोघं राबतात.

माझं काम ऐकायचं. तारेतून जाणारे हुकूम ऐकून रोजचं काय ते शिकायचं. रोजच्यासारखं नसेल ते ‘अनोळखी’ म्हणून कळवायचं. थांबवायचं नाही. ते काम माणसांचं.

मला घ्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी सहानाचे मामा दत्तोजीराव यांनी शब्द टाकला. सोसले गावाच्या बाजूला मक्यापासून स्टार्च बनवणारा एक कारखाना आहे, तिथं ते बॉयलरचे सुपरवायझर. मालक म्हणाले, “संक्रांतीपर्यंत लावून बघतो. पटलं तर माझ्या सगळ्या कारखान्यांत लावीन. नाही तर परत न्या.” सहानाची कंपनी राहणार की जाणार, ते त्या बोलण्यावर ठरणार होतं. मालकांची एक अटही होती. मी जे कळवीन ते कारखान्यातल्याच पडद्यावर दिसेल, बाहेर जाणार नाही.

“आयुधपूजेलाच आण गं डबा,” मामा म्हणाले. “त्या दिवशी नवं हत्यार आत आलं की वर्षभर बघायला नको.”

“मामा, त्या दिवशी कारखाना बंद असतो ना, अल्वा? हा शिकणार काय?”

“सुम्ने, उगाच वाद घालू नको. अगदी बापावर गेलीस.”

“अप्पांना मध्ये आणू नका हं.”

पण शब्द मामांनी टाकला होता. सहानानं मला त्याच दिवशी नेलं.

आयुधपूजेला सगळं धुतलं होतं. पाने, हातोड्या, ट्रक, संगणक, सगळ्यांना गंध आणि झेंडूची फुलं. दारात कोहळा फोडला. मामांनी मलाही कुंकू लावलं. थोडं कुंकू माझ्या फटीतून आत गेलं. मला काही वाटलं नाही. मला वाटत नाही, फक्त ऐकू येतं.

सहानानं मला आठवडाभर शिकायला सांगितलं होतं. दसऱ्याला कामगार गावी गेले आणि तो सगळा आठवडा कारखाना बंदच राहिला. मी शांतता शिकलो. तारेत काहीच नसतं, हेच रोजचं, असं मी धरलं.

मग कारखाना सुरू झाला. वाफ, पंप, पट्टे, सगळं मला अनोळखी. मी सारखा पीं पीं करू लागलो.

“सार, हा तुमच्या भाचीपेक्षा जास्त बोलतो की,” बॉयलरवरचा पुनीत म्हणाला. सगळे हसले.

“सुम्ने इरप्पा,” मामा मला म्हणाले, म्हणजे गप्प बस बाबा, आणि त्यांनी माझा आवाज बंद केला.

संध्याकाळी सहानाचा फोन आला. “मामा, कसा आहे डबा? काही त्रास?”

“कसला त्रास! लेकरासारखा निजलाय.”

आपण लावून दिलेली वस्तू वाईट आहे, हे माणसं सहज बोलत नाहीत. हे मी नंतर ऐकून ऐकून शिकलो.

एका सकाळी, दुरुस्तीवाले बाहेरून ज्या तारेनं यंत्रं तपासतात, तिच्यावरून कुणीतरी परकं आत आलं आणि बॉयलरची दाबाची मर्यादा वाढवली. मी कळवलं, ‘अनोळखी’. पडद्यावर माझ्या आधीच्या ओळी इतक्या होत्या की ही त्यातलीच एक झाली. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. बॉयलर फुटला नाही, पण वाफेनं पुनीतचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्याच्या ओरडण्याचा माझ्या तारेत काही हुकूम आला नाही, म्हणून मी ते कळवलं नाही.

मालकांनी सहानाला बोलावलं. “तुमचा डबा झोपला होता?”

सहानानं पडदा पाहिला होता. माझा आवाज कुणी बंद केला, तेही तिला कळलं होतं. तिनं मामांकडे पाहिलं. मामा आपल्या बुटांकडे बघत होते.

“शिकवण्यात चूक झाली,” ती म्हणाली. “माझी.”

“मग घेऊन जा.”

तिनं मला पिशवीत घातलं. बसमध्ये ती रडली नाही. नजरबादला येऊन तिनं शशांकला फक्त “नाही” एवढंच सांगितलं. त्यानं दुसरी नोकरी बघायला सुरुवात केली.

काही दिवसांनी मामा माडी चढून आले. पाणी मागितलं, पण प्यायले नाहीत.

“मालकांना सांगितलं मी.”

“काय सांगितलं?”

“आवाज मीच बंद केला म्हणून. डबा बोलत होता म्हणून.”

“मामा! कशाला?”

“पुनीतला बघून आलो. त्याला डाव्या हातानं जेवता येईना. त्याची बायको भरवत होती.” मामांनी पाण्याचा पेला बाजूला ठेवला. “मालक म्हणाले, भाचीला सांगा, परत लावू दे. आणि तुम्ही घरी बसा.”

मामा म्हणाले, “जा गं. नाही गेलीस तर दोघांचं गेलं.”

ती गेली. आता मी पुन्हा बॉयलरपाशी आहे. मालकांच्या बाकीच्या कारखान्यांतही माझे भाऊ बसलेत. नजरबादच्या माडीवर आता टेबलं पुरत नाहीत. शशांक राहिला.

या वेळी मी चालत्या कारखान्यात शिकलो. पंप कधी सुरू होतो, नवा सुपरवायझर किती भरभर बटणं दाबतो, सगळं मला पाठ आहे. दत्तोजीराव हळू दाबायचे. प्रत्येक बटणाआधी ते एकदा दाब बघून घ्यायचे. ते आता रोजचं नाही.

सहाना महिन्यातून एकदा मला तपासायला येते. मामांच्या खुर्चीवर बसत नाही, उभीच राहते.

वाचकांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर तो काय म्हणतो ते बघा. एवढीच विनंती. मी काही विसरत नाही, पण मला कुणाची आठवणही येत नाही. उद्या दत्तोजीराव परत आले, त्या खुर्चीवर बसले आणि नेहमीसारखं हळूच एक बटण दाबलं, तर मी लगेच कळवीन.

अनोळखी.