माजरा हरीक

आमच्या वरंधच्या बाजूला भात खाली खाचरात आणि हरीक वर डोंगरउतारावर. दाणा बारीक, चवीला गोड. पण कापणीला पाऊस लागला की तो माजरा होतो, म्हणजे खाल्ल्यावर डोक्यात चढतो. म्हणून आधी शेणाच्या पाण्यात भिजवायचा, वाळवायचा, मगच शिजवायचा. आणीबाणीच्या साली माझ्या सासूने, ठकूबाईने, कंटाळा केला आणि तसाच रांधला.

जेवणं झाली आणि अंगण हळूहळू डोलायला लागलं. फणसाचं झाड जवळ यायचं, लांब जायचं. जीभ जड झाली, पाय कुठे आहेत ते कळेना. मी आणि माझा नवरा ओकून मोकळे झालो. सासू मात्र भिंतीला टेकून हसत होती. कुणाची तरी वेणी घालावी तशी तिची बोटं हवेत फिरत होती.

"बनू आली गो," ती म्हणाली.

बनू तिची लेक. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी, लहानपणीच तापाने गेलेली.

म्हातारीला मग चटकच लागली. माझी पाठ वळली की माळ्यावरचा हरीक काढून न भिजवता शिजवायची. दुपारभर त्या गुंगीत लेकीशी बोलत बसायची, आणि खरं सांगते, मला तिचा हेवा वाटायचा. पण गुंगी उतरली तरी हातांची थरथर उतरेना. आधी सुईत दोरा जाईना, मग चहाची बशी ओठांपर्यंत पोचेना.

पोलादपूरचे डॉक्टर म्हणाले, "हे विष मेंदूवर जातं, हातापायांच्या नसांवर जातं. अशाच एकदा झोपतील त्या उठायच्या नाहीत."

मी भडकलेच. "आत्याबाई, मरायचं हाय का तुम्हाला?"

"मेले तर मेले. लेक तरी भेटते ना?"

मी हरीक लपवायची, ती हुडकून काढायची.

मग एका सकाळी ती स्वतःच टोपली घेऊन अंगणात आली. हात इतके कापत होते की वाटभर दाणे सांडले. उरलेला सगळा हरीक तिने शेणाच्या पाण्यात ओतला.

"काय झालं, आत्याबाई?"

"काल बनूला उचलाया गेले," ती म्हणाली. "तर पोर मागं सरली. म्हणते, आये, तुझे हात लय कापतात. मला नको घेऊ, पाडशील."

मला रडू आवरेना. तिचे शेणाने भरलेले हात मी माझ्या हातांत घट्ट दाबून धरले. ते थांबेनात.