चार मीटरची पिवळी पट्टी

अहो मित्रांनो, असं पाय उचलून माझ्यावरून उडी मारून जायचं काही कारण नाही हं! खुशाल पाय टाका. माझं सगळं आयुष्यच लोकांचे पाय अंगावर घेण्यात गेलंय. मी एक जुनी पिवळी चिकटपट्टी आहे. कॅनडात विनिपेग सरोवराच्या काठी एक छोटं गाव आहे, तिथल्या कॅन्सरच्या दवाखान्यात, लांबलचक बोळात, फरशीला चिकटून पडलेय. लांबी बरोब्बर चार मीटर. दोन्ही टोकांना एकेक आडवी रेघ. माझ्या कडा कुरतडल्यात, रंग विटलाय, मधे एका ठिकाणी खुर्चीच्या पायानं सालटं काढलंय. पण चार मीटर म्हणजे चार मीटर! एका बोटाचंही खोटं मी कधी बोलले नाही. आणि तरी माझ्यामुळे एक बाई... थांबा, अशी मधूनच सांगायला लागले तर सगळा गोंधळ होईल. पहिल्यापासून सांगते.

कारखान्यात आम्ही सगळ्या बहिणी गुंडाळीत एकमेकींना घट्ट चिकटून होतो. कुणी बर्फाच्या रिंगणावर गेली, कुणी गोदामात, एक तर शाळेच्या जिममध्ये गेली. मला वाटायचं, आपल्यालाही शाळाच मिळणार! पोरं धावणार, ओरडणार, काय मजा! आणि मिळाला काय, तर हा बोळ. औषधांचा वास, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, आणि हळू आवाजात बोलणारी माणसं. पहिले दोन दिवस मी रुसूनच होते.

मला चिकटवलं कोरीननं. कोरीन म्हणजे इथली नर्स. पन्नाशीची, गुडघे कुरकुरणारी, हसली की बोळभर ऐकू जाणारी. ती मोजायची टेप घेऊन जमिनीवर बसली, एकदा मोजलं, दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं, मग मला दाबून बसवलं आणि म्हणाली, "हां, आता तुझ्यावर भरवसा."

काम काय माझं? तर असं बघा. कॅन्सरची औषधं भारी कडक. म्हाताऱ्या माणसाला ती झेपतील का, हे नुसतं जन्मसाल बघून कळत नाही. कुणी सत्तरीत गळून जातो, कुणी नव्वदीला लाकडं फोडतो. म्हणून औषध सुरू करायच्या आधी कोरीन त्यांना तपासायची. हात न टेकता खुर्चीतून पाचदा उठा, कागदावर घड्याळ काढा, गोळ्या किती घेता, घरी कोण असतं, कधी पडलात का. आणि शेवटी माझ्यावरून चाला, नेहमीसारखं. तिच्या हातात स्टॉपवॉच. पाच सेकंदांच्या आत पार, तर पाय चांगले. त्याहून जास्त लागले, तर सांभाळून.

आणि काय सांगू, मला नंतर त्यात इतकी गंमत यायला लागली! स्टेफान नावाचा सत्त्याऐंशी वर्षांचा कोळी होता. डॉक्टरांनी त्याचं वय बघूनच नकाराची मान हलवली होती. आणि हा बाबा साडेतीन सेकंदांत पार! वर कोरीनला म्हणतो, "परत चालू? या वेळी उलटा चालतो." त्याला पूर्ण औषध मिळालं, आणि पुढच्या वर्षी तो कोरीनसाठी धुरी दिलेला मासा घेऊन आला. दुसरे एक साहेब होते, सत्तरीचे, ताठ, कडक इस्त्री. बघून वाटेल, यांना काय होतंय! माझ्यावर मात्र त्यांना आठ सेकंद लागले. त्यांचं औषध बेतानं दिलं, म्हणून ते शेवटपर्यंत घेऊ शकले. कोरीन सगळ्यांना सांगायची, "माझी निम्मी नोकरी ही पट्टी करते." मी अशी फुगायचे ना! फुगून एक कोपरा उचकटलासुद्धा.

मग तो फेब्रुवारी आला.

बाहेर उणे तीस. अशा दिवसांत बूट घालून कुणाच्या घरात शिरणं म्हणजे घरमालकाच्या तोंडाला चिखल फासणं. दवाखान्यातही तसंच. दारात रबरी चटई, तिच्यावर बुटांची रांग, आणि माणसं आत पायमोज्यांवर. बूट काढा असं कुणी सांगत नाही, काढू नका असंही कुणी सांगत नाही. इथली माणसं ते श्वास घेतल्यासारखं करतात. त्यात आदल्याच दिवशी फरशीला नवं पॉलिश झालेलं. अशी चकचकीत, की छतावरचे दिवे माझ्या शेजारी पडलेले दिसत होते.

आणि दोघी बहिणी आल्या. सिग्नी, एक्क्याऐंशीची. तिच्या आतड्याचं ऑपरेशन झालेलं. आणि लोआ, सत्त्याहत्तरची, डोळे जवळजवळ गेलेले. दोघींची घरं शेजारी शेजारी.

"लोआ, हात सोड. आंधळी तू आहेस, मी नाही."

"म्हणूनच धरलाय. पडलीस तर माझ्यावर पड, मऊ लागेल."

कोरीन हसली. "बसा, सिग्नी. गेल्या वर्षात कधी पडलात का?"

"पडले की. एकदा. बर्फावर."

"अगं, नीट सांग ना!" लोआ उसळलीच. "कर्लिंग खेळताना पडली ही. बर्फावरून तो जड दगड सोडायचा असतो ना, तो सोडला आणि बाईसाहेब आडव्या! पण दगड गेला नेमका मधोमध. सामना जिंकला हिच्या टीमनं!"

कोरीन इतकी हसली की तिचं पेन खाली पडलं, माझ्याच अंगावर. पण कागदावर चौकट एवढीशी. तिच्यात मावलं तेवढंच तिनं लिहिलं. पडल्या: होय.

"घरी कोण असतं?"

"एकटीच."

"एकटी कसली? दिवसातून सहा वेळा मी हिच्याकडे कॉफी पिते."

"तू राहतेस का माझ्या घरात? नाही ना? मग एकटीच."

एकटी राहतात: होय.

मग सिग्नी जरा पुढे वाकली. "हे बघा, मला ते मोठं औषध हवंय. सहा महिन्यांचं, सुईचं. ते घेतलं तर दुखणं परत न येण्याची आशा जास्त असं ऑपरेशनवाले डॉक्टर म्हणाले. मला त्रास झाला तर होऊ दे. हिला गाडीतून कोण फिरवणार? मी गेले की हिला शहरातल्या वृद्धाश्रमात नेऊन टाकतील. तिथली कॉफी म्हणे नुसतं गरम पाणी असतं."

"मी नाही जायची," लोआ म्हणाली, पण हळूच.

"चला, आता तेवढं चालून दाखवा," कोरीन म्हणाली. "नेहमी चालता तसं."

सिग्नी उभी राहिली, आणि मला तिचे पाय लागले. मित्रांनो, मी हजारो पाय ओळखते. ते पाय दणकट होते! टाच भक्कम, बोटं जमिनीला धरून. पण त्यांच्यावर जाड लोकरीचे पायमोजे, आणि खाली ते आरशासारखं पॉलिश. पहिलं पाऊल जरासं सटकलं. आणि जन्मभर बर्फावर राहिलेलं माणूस निसरड्यावर जे करतं तेच तिनं केलं. छोटी छोटी, सपाट, घासत पावलं. ते शहाणपण होतं हो! स्टॉपवॉचला ते काय कळणार?

लोआनं कान टवकारले. "सिग्नी, हे काय फरफरतंय? तू अशी चालत नाहीस."

"गप्प बस."

"पायात काय आहे तुझ्या?"

"लोआ! बाईंना त्यांचं काम करू दे. लोकांना उगाच त्रास नाही द्यायचा."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजायला लागला. कोरीननं एक डोळा घड्याळावर ठेवला, एक फोनकडे. बटण दाबलं. सात सेकंद.

मी ओरडत होते. बूट! बूट घालून परत चालवा हिला! पण पट्टीला तोंड कुठलं.

मंगळवारी शहरातून डॉक्टर मेरिक आले. दिवसाला चाळीस पेशंट बघणारा माणूस. माझ्यावर उभं राहूनच त्यांनी कागद वाचला. "एक्क्याऐंशी. एकटी. पडलेली. सात सेकंद. नाही झेपायचं. गोळ्या देऊ फक्त, त्याही कमी."

"डॉक्टर, पण बाई टणक वाटतात हो. कर्लिंग खेळतात."

"कोरीन, वाटण्यावरच जायचं असेल तर आपण मोजतो कशाला?"

कोरीननं कागद फायलीत लावला. आणि मित्रांनो, मी तरी त्यांना काय म्हणणार होते? स्टेफानच्या वेळी याच मोजण्यावर मी फुगले होते.

कोरीननं सिग्नीला सांगितलं तेव्हा तिनं वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "नीट मोजलंय ना तुम्ही?"

"हो, नीटच."

"मग ठीक आहे."

"मोजलं, पण कसं मोजलं ते विचार ना!" लोआ म्हणत होती. सिग्नीनं तिला दंडाला धरून दाराकडे नेलं. चटईवर बसून दोघींनी बूट घातले. बाहेरच्या बर्फातून सिग्नी कशी गेली, ते मला दिसलं नाही. पण लोआ मागून ओरडत होती, "अगं, हळू, मला ओढू नकोस!" एवढं ऐकू आलं.

ऑगस्टमध्ये त्या परत आल्या. दुखणं यकृतात पोचलं होतं. पूर्ण औषधानं ते थांबलंच असतं असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येत नाही. पण तिला तेवढी एक संधी मिळायला हवी होती, आणि ती संधी माझ्यावरून चालतानाच हुकली.

या वेळी उन्हाळा होता. पायात बूट, फरशी कोरडी. तिनं पाऊल टाकलं आणि मला काही लागलंच नाही, इतकी ती हलकी झाली होती. टाचेतला तो जोर कुठे गेला कोण जाणे. सात सेकंद.

"बघा!" कोरीन तिला धीर द्यायला म्हणाली. "फेब्रुवारीत सात, आजही सात. चाल टिकवलीत तुम्ही!" आणि लिहिलं: फरक नाही.

"आहे फरक," लोआ म्हणाली. ती खुर्चीत बसली होती, काठी मांडीवर. "आत्ताचं चालणं हिचं आहे. तेव्हाचं नव्हतं. तेव्हा ही पायमोज्यांवर होती ना, कोरीन? तुमच्या त्या गुळगुळीत फरशीवर?"

कोरीनचं पेन थांबलं. तिनं दाराकडे बघितलं, चटईकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे तिनं असं कधीच बघितलं नव्हतं. "मी बघितलंच नाही," ती म्हणाली. "सगळेच काढतात. माझ्या ते डोक्यातच आलं नाही."

"जाऊ दे हो," सिग्नी म्हणाली. "फरशी छान चमकत होती तुमची. कशाला घाण करायची?"

बघा! मरणाच्या दारात उभी, आणि फरशीचं कौतुक करतेय! मला इतका राग आला ना त्या दिवशी तिचा. डॉक्टरांपेक्षा जास्त. आणि कोरीनपेक्षा जास्त. मग माझा स्वतःचाच आला, कारण तिच्याआधी किती हिवाळ्यांत किती जण पायमोज्यांवर माझ्यावरून गेले, हे मोजायचं धाडस मला आजही होत नाही.

नोव्हेंबरात सिग्नी गेली. लोआला तिच्या भाच्यानं शहरातल्या वृद्धाश्रमात नेलं. कोरीननं भिंतीवर कागद लावला, चालताना बूट घाला म्हणून. पहिला बर्फ पडला, बोळभर चिखल झाला, सफाईवाल्यांनी तक्रार केली, कागद निघाला. मग तिनं रबरी तळाच्या सपाता आणून माझ्या टोकाशी ठेवल्या. सहा जोड होते, आता दोन उरलेत. कोरीन अजूनही मोजते, पण आता आधी खाली वाकून प्रत्येकाचे पाय बघते. ती हसायची कमी झालीय.

तर मित्रांनो, माझं ऐकणार असाल तर एवढं करा. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कुणी कुठेही मोजत असेल, तर शेजारी सभ्यपणानं गप्प बसू नका. काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा. चौकटीत मावत नसेल तर कागदाच्या मागे लिहायला लावा. मोजणं वाईट नाही, मी अजूनही तेच म्हणेन. पण जवळचं माणूस सांगत असेल, ही अशी चालत नाही, तर तिथं थांबा.

त्या फेब्रुवारीत लोआला फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं, "मग कशी चालते?" बूट चटईवरच होते. परत मोजायला मी होतेच की इथं.