मोंतेफेलिचेला जाऊन आलेली माणसं

मिसिसागातला मराठी माणूस मुंबईला जायचं ठरलं की आधी तिकीट काढी आणि मग नंदकुमार खांबेट्यांच्या बेसमेंटमध्ये जाई. त्या काळी विमान कंपन्या वाटेत युरोपात उतरू देत आणि त्याचे वर काही घेत नसत. फुकट मिळतंय म्हटल्यावर न उतरणं कुणालाच परवडण्यासारखं नव्हतं. मग सहा दिवस इटली. आणि इटली म्हणजे खांबेटे.

खांबेटे वॉनमधल्या एका गोदामात ट्रकांची वेळापत्रकं लावत. कुठला ट्रक किती वाजता कुठल्या दाराला लागेल हे ते आठवडाभर ठरवत आणि शनिवारी तेच माणसांच्या बाबतीत करत. बेसमेंटमधल्या पिंगपाँगच्या टेबलावर ग्राफपेपर पसरलेला असे. बाजूला युरोपातल्या रेल्वेचं उशीएवढं जाड वेळापत्रक. वरून उमावहिनी चहा आणि चकली पाठवत. खांबेटे स्वतः इटलीला कधीच गेले नव्हते. कॅनडात आल्यापासून ते दोनदाच भारतात गेले, एकदा वडील अत्यवस्थ म्हणून आणि एकदा आई. तशा वेळी वाटेत उतरून चर्चं बघत नाहीत.

फ्लॉरेन्स सगळेच बघतात, रोमही सगळेच बघतात. खांबेट्यांचा माणूस मात्र मधलं मोंतेफेलिचे बघे. लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या सेलमध्ये मिळालेल्या १९६८ सालच्या एका गाइडबुकात या डोंगरावरच्या गावाबद्दल चार ओळी होत्या. त्या चार ओळींवर खांबेट्यांनी जे उभारलं त्याला तोड नव्हती. फ्लॉरेन्सहून नऊ बाराची गाडी. दहा चाळीसला एका लहानशा स्टेशनवर उतरायचं. सामान स्टेशनच्या सामानघरात टाकायचं. दहा पंचावन्नची बस डोंगरावर नेते. वर तीन तास दहा मिनिटं. बसने खाली, दोन सत्तेचाळीसची गाडी, आणि संध्याकाळच्या चहाला रोममध्ये. एक मिनिट इकडचं तिकडे नाही. हा कागद समोरच्याच्या हातात देताना खांबेटे क्षणभर सोडत नसत. घेणाऱ्याला जरा ओढावा लागे.

आठ वर्षांत सात कुटुंबं तो कागद घेऊन गेली आणि परत येऊन तृप्त चेहऱ्याने बेसमेंटमध्ये बसली. गावाच्या चौकात एक बेकरीवाला आहे, तो पाव घेतला की वर एक जास्तीचा हातात ठेवतो. एक एकडोळी मांजर आहे, ती पाहुण्यांच्या पुढे पुढे चालत गाव दाखवते. डॉक्टर रवींद्र टिल्लू तर मंडळाच्या कार्यक्रमात माइकवर म्हणाले होते की रोम बघून छाती दडपते, मोंतेफेलिचे बघून ती भरून येते. टाळ्या टिल्लूंना पडल्या, पण उभे खांबेटे राहिले. त्या गावाचा एकही फोटो कधी कुणाचा आला नव्हता. कुणाचा रोल संपला होता, कुणाच्या रोलमध्ये उजेड शिरला होता. यावरून खांबेट्यांनी काढलेला निष्कर्ष असा की ते गाव दिसलं की माणसाला कॅमेऱ्याचं भान राहत नाही.

गोदामात त्यांच्या हाताखाली शिकलेले दोघे त्यांचे साहेब झाले होते. वॉटरलूला शिकणारा मुलगा त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला ‘आय गेस’ असं उत्तर देई. पण सात कुटुंबांनी आयुष्यात एक गाव पाहिलं होतं, ते केवळ खांबेट्यांमुळे. ही एक गोष्ट त्यांच्या नावावर होती. रजा साठवून साठवून पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे १९८४ साली, ते आणि उमा स्वतः जाणार होते. मोंतेफेलिचेत दोन रात्री.

१९८३च्या सप्टेंबरात टिर्झा पेणकर आणि तिचा नवरा मोझेस परत आले. टिर्झा नर्स होती, मूळची रेवदंड्याची ज्यू. त्यांचं भारतात आता कुणी उरलं नव्हतं. सगळं गणगोत इस्रायलला गेलेलं, म्हणून ती दोघं तिकडे निघाली होती आणि वाटेत खांबेट्यांचा कागद घेऊन इटलीत उतरली होती. आल्यावर तिने खांबेट्यांना जेवायला बोलावलं. उमावहिनींना ताप होता, म्हणून ते एकटेच गेले.

टिर्झाने आधी पोटभर वाढलं आणि मग मायेने सांगितलं.

“नंदकुमारभाऊ, तुमचा तो कागद बदला बरं का. तिथे बस नाही.”

खांबेटे म्हणाले, चुकली असेल. टिर्झा म्हणाली, चुकली नाही, बंद झालीय, स्टेशनमास्तर सांगत होता की पंचाहत्तरपासून बंद आहे. सामानघरही नाही. त्यांच्याकडे दोन हातपिशव्याच होत्या, त्यामुळे नऊ किलोमीटर चढून गेले. वर दगडांची घरं, निम्म्यांना कुलपं. माणसं खालच्या कारखान्यांत कामाला गेली ती खालीच राहिली. बेकरी नाही. दोघांनी चर्चच्या पायरीवर बसून सोबत नेलेली उकडलेली अंडी खाल्ली आणि उतरले. मोझेसने फोटो काढले होते. चांगले बारा फोटो आले होते. खांबेट्यांनी बाराही पाहिले. मांजर कुठेही नव्हती.

“टिल्लू डॉक्टर मागल्या वर्षी गेले ना?” टिर्झा म्हणाली. “त्यांना पाव कुठे मिळाला, हेच मला कळेना. आणि वहिनींचा परवा फोन आला, तर मला म्हणाल्या, ह्यांना पावाचं सांग आणि मांजरीचं सांग. मी म्हटलं, वहिनी, तापात बोलताय काय?”

टिर्झाच्या मनात काडीइतकंही वाकडं नव्हतं. अशा माणसांपासून बचाव नसतो.

घरी जाताना खांबेट्यांनी गाडी हायवेच्या कडेला उभी केली आणि सगळा हिशोब नीट लावला. तो लागायला फार वेळ लागला नाही. त्यांच्या कागदात सगळं होतं, फक्त बॅगा नव्हत्या. भारतात निघालेल्या कुटुंबाकडे माणशी दोन अजस्र बॅगा असतात, आणि त्यांत सासरच्या नऊ घरांसाठी छत्र्या, चॉकलेटं, नेलकटर आणि घोंगड्या असतात. चौघांच्या आठ बॅगा एका परक्या स्टेशनात ठेवून डोंगरावर पाव खायला जाईल असा मराठी माणूस जन्माला यायचा होता. म्हणजे सातही कुटुंबं दहा चाळीसला खिडकीत बसून ते स्टेशन मागे जाताना बघत राहिली. मग परत येऊन बायकांनी स्वयंपाकघरात उमाला खरं सांगितलं. आणि उमाने त्यांना काय बोलायचं ते शिकवलं. बेकरीवाला तिचा होता. मांजरही तिचीच.

आठ वर्षं माणसं त्यांचा चहा पिऊन त्यांची कीव करून जात होती. फसवलं असतं तर खांबेट्यांनी एखाद्या वेळी सोडूनही दिलं असतं.

घरी आल्यावर उमाने विचारलं, काय म्हणाली टिर्झा? खांबेटे म्हणाले, खूश आहेत दोघं, पाव फार आवडला. उमाने निश्चिंत होऊन क्रोसिनची गोळी घेतली.

दसऱ्याचा पॉटलक एका चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये होता. जेवणं झाल्यावर खांबेट्यांनी माइक मागितला. ते म्हणाले की पुढच्या जुलैत आपण दोघं मोंतेफेलिचेला चाललोय हे सर्वांना ठाऊक आहेच. पण जे गाव सात घरांनी जिवापाड जपलं ते एकट्याने बघणं बरं दिसत नाही. तेव्हा सातही कुटुंबांनी आपलं पुढच्या वर्षीचं भारतात जाणं त्याच आठवड्यात धरावं. सगळे मिळून जाऊ. दोन रात्री वरच राहायचं, त्यामुळे सामान खाली ठेवायचा प्रश्नच नाही, बॅगा बरोबरच घ्यायच्या. आणि वर गेल्यावर गाव दाखवायचा मान टिल्लू डॉक्टरांचा.

आमच्या माणसांना तोंडावर नाही म्हणता येत नाही, ते नंतर फोनवर म्हणतात. म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांची इटली व्हायची होती ती चार कुटुंबं तर जागेवर नावं देऊन मोकळी झाली. टिर्झाने हात वर केला होता, पण खांबेट्यांनी तिच्याजवळ जाऊन हळूच सांगितलं की तू जाऊन आलीयस, तुला माफ.

त्या आठवड्यात फोन वाजत राहिला. कुणाच्या मुलाच्या समरस्कूलची अडचण निघाली, कुणाच्या सासऱ्यांची पंचाहत्तरी. खांबेटे ग्राफपेपर पुढे घेऊन बसत आणि दहा मिनिटांत अडचण सोडवत. सासऱ्यांना एकवीस तारखेला गाठता येतं, गाडी आणि विमान दोन्ही जुळतात. त्यांनी इतकं चांगलं काम आजवर केलं नव्हतं. पंचाहत्तरीवाल्या बाईंनी शेवटी थँक यू म्हणून फोन ठेवला.

रविवारी दुपारी डॉक्टर टिल्लू स्वतः आले. सोबत बायको शीला. ती सरळ वर उमाकडे गेली. डॉक्टर बेसमेंटच्या पायऱ्या उतरून टेबलापाशी उभे राहिले. आधी शीलाच्या गुडघ्यांचं झालं. बस हल्ली बंद आहे, चालतच चढायचं, असं सांगून खांबेट्यांनी दर किलोमीटरला धरलेली दहा मिनिटांची विश्रांती दाखवली. मग डॉक्टरांनी स्वतःच्या छातीचं काढलं. खांबेटे म्हणाले, भरून येते, मला आठवतंय.

टिल्लू खुर्चीत बसले. हा माणूस टोरोंटोतल्या मोठ्या हॉस्पिटलात लोकांना वाईट बातम्या सांगून जगत होता. स्वतःची बातमी सांगायला मात्र त्याला बसावं लागलं.

“खांबेटे, आम्ही गेलो नव्हतो हो,” ते म्हणाले. “सहा बॅगा होत्या. उतरलोच नाही.”

खांबेट्यांनी पेन्सिलीचं टोक तपासलं.

“गेला होतात, डॉक्टर.”

“नाही. खरंच सांगतोय. माफ करा, पण...”

“अठरा जुलै ब्याऐंशी. तुम्ही इथेच बसून मला सांगितलंत, मी लिहून घेतलंय. बेकरीवाल्याने शीलावहिनींचा हात हातात घेतला होता.”

“ते आम्ही...”

“वयाने असं होतं,” खांबेटे समजुतीने म्हणाले. “वर गेलात की आठवेल सगळं. तुमच्या बॅगा या वेळी सहाच की आठ? मला चढाचा वेळ काढायचाय.”

खांबेट्यांना ठाऊक आहे हे डॉक्टरांना आता कळलं होतं, आणि ते कळल्याचं खांबेट्यांनाही. पण तसं म्हणायची सोय एकालाही नव्हती. शेवटी टिल्लू आठ म्हणाले. शीलाच्या भाच्याचं तिकडे लग्न होतं.

ती दोघं गेल्यावर उमा खाली आली. निघताना शीला वर रडली होती, त्यामुळे नवऱ्याला सगळं कळलंय हे आता उमालाही माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ती चहा न आणता त्या टेबलापाशी आली.

“मी सांगते सगळ्यांना,” ती म्हणाली. “माझंच चुकलं. तुम्ही शनिवारी किती आनंदात असायचात, ते बघवत... म्हणजे, बघायला बरं वाटायचं. लोकांचे हाल नका करू.”

“तू सांगितलंस तर लोकांना कळेल की मला कळलंय,” खांबेटे म्हणाले. “मग ते पुन्हा कीव करतील. त्यापेक्षा नऊ किलोमीटर चालू दे.”

“अहो, एकतीस माणसं आणि साठ बॅगा. जुलैचं ऊन.”

“बासष्ट.”

त्यांनी कागद तिच्याकडे फिरवला. दहा चाळीसला उतरणं. दहा पंचेचाळीसला चढ सुरू, दर किलोमीटरला थांबा, प्यायचं पाणी आपापलं. तीन वाजून वीस मिनिटांनी गाव. त्यापुढे दोन दिवसांचे चौकोन कोरे होते. उमाने ते बोटाने मोजले.

“आणि वर पोचल्यावर काय करायचं? तिथे तर काहीच नाही.”

खांबेट्यांनी चष्मा पुसला, परत लावला आणि दोन्ही दिवसांवरून पट्टी धरून एकच लांब रेघ ओढली.

“आवडून घ्यायचं,” ते म्हणाले. “सगळ्यांनी. तू शिकवशीलच.”