मोस्तारच्या पुलावर घसरलेली काठी

मी एक जुनी काठी आहे, चेस्टनटच्या लाकडाची. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या कारागिराने वाफेवर धरून माझी मूठ वाकवली, खाली लोखंडी शेंबी बसवली. ट्राउडेलने मला लग्नाच्या वर्षी घेतलं. मित्रांनो, आमच्याकडे रीत आहे: जिथे पायी गेलात तिथला पत्र्याचा बिल्ला काठीवर बारीक खिळ्यांनी ठोकायचा. लोक डोंगरांचे ठोकतात. ट्राउडेलने पुलांचे ठोकले. अट एकच, पूल स्वतःच्या पायांनी ओलांडलेला हवा.

प्रागचा पूल रुबाबदार. कठड्यांवर संतांचे पुतळे, आणि दगड असा खणखणीत की शेंबीला बोलावंसं वाटतं. व्हेनिसचा रिआल्टो म्हणजे पाण्यावर चढवलेला बाजार. पायऱ्यांनी जीव काढला, पण वर पोचल्यावर राग उरला नाही. फ्लॉरेन्सच्या पुलावर सोनारांची दुकानं. तिथे ट्राउडेलचा नवरा आलोईस म्हणाला, "आपला रेगेन्सबुर्गचाच बरा. इथे पूल कमी, दुकानदारी जास्त."

"आणि आपल्या पुलाशेजारी सॉसेज भाजतात ते काय, देवकार्य?" ट्राउडेल म्हणाली.

अशी तुलना सगळेच करतात. एक गोष्ट कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. फ्लॉरेन्सचे बाकीचे जुने पूल दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या आमच्याच जर्मन सैन्याने उडवले. बुडापेस्टचा सिंहांचा पूलही त्यांनीच. जाता जाता आमच्या रेगेन्सबुर्गच्या कमानीही फोडल्या. पूल म्हातारे होऊन क्वचितच पडतात. ते पाडले जातात, आणि पाडणारे कुणाचे तरी मुलगेच असतात.

शेवटी बोस्नियातलं मोस्तार राहिलं. ट्राउडेलचे गुडघे कामातून गेले होते. हा पूल झाला तर झाला, पुढे प्रवास नाही, हे तिला ठाऊक होतं. आलोईसने हौसेने आदल्या दिवशीच बिल्ला ठोकून टाकला. ती भडकली. "न चालता बिल्ला? काढ तो. खोटं मिरवत मी घरी जायची नाही." त्याने तो चाकूने उचकटला नि खिशात टाकला.

हिरव्या पाण्यावर पूल असा उभा, जणू कोणी श्वास रोखून धरलाय. पण दगड पावलांनी घासून काचेसारखा झालेला. ट्राउडेलने मला टेकवलं आणि माझी शेंबी सरकली. पुन्हा टेकवलं, पुन्हा सरकली. इतके पूल चाललेली मी, तिला पाडणारच होते.

"राहू दे गं," आलोईस म्हणाला. "खालूनच छान दिसतो."

"खालून गाढवंही बघतात."

डाळिंबाचा रस विकणारी रझिया पुढे आली. "काकू, काठी द्या काकांकडे. इथे लोखंड टिकत नाही. दगडाच्या या उंच पट्ट्यांवर टाच ठेवा नि माझा दंड धरा."

"आणि तुझं दुकान?"

"डाळिंबं कुठे पळतायत? त्र्याण्णवच्या इथल्या लढाईत तोफांनी हा पूल पाडला, तेव्हा आई त्या काठाला राहिली, मी या काठाला. पूल परत उभा राहिला तेव्हा तिला अशीच धरून आणली. चला, खाली बघू नका."

ट्राउडेल गेली. मध्यावर थांबली, दम खाल्ला, कठड्यावरून हात फिरवला, आणि पलीकडे उतरली. आलोईसच्या काखेत मी मागून आले, ओझं होऊन. त्याच जातीचा दगड, तशीच कमान पुन्हा रचणाऱ्या हातांना मी मनातल्या मनात वाकून नमस्कार केला.

आलोईसने खिशातून बिल्ला काढला. "आता ठोकू?"

"माझ्या टोपीवर लाव," ट्राउडेल म्हणाली. "हा पूल काठी कुठे चालली?"

खरं होतं. आता मी दाराआड उभी असते, शेंबी गंजलीय. मित्रांनो, कुठला पूल सुंदर यावर खुशाल भांडा. पण कोणी पूल पाडायची भाषा केली, तर तिथे गप्प बसू नका. काठी मोडली तर दुसरी मिळते. पूल मोडला की कुणाची तरी आई त्या काठाला राहते.